लाल शाईतला शेरा

दि. १४ मार्च, सकाळी साडेनऊ

चि. भिंगरीस,

आत्याचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. लॅबचा जिना अजून एका दमात चढते, आणि मागून तरुण मंडळी धापा टाकत येतात. तू शिकवतेस ती पोरं काय म्हणतात? फोनवर विचारलं की तू "बरं चाललंय" म्हणतेस आणि फोन आईच्या हातात देतेस, म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर खुशाल दे आईला. आधी तू वाच.

बातमी मोठी आहे. आपल्या लॅबला नवं यंत्र आलं! सहा वर्षं अर्ज करत होते, सातव्या वर्षी साहेबच कंटाळले आणि सही करून मोकळे झाले. आपलं जुनं धूड आठवतंय ना? एका स्फटिकावर क्ष-किरण सोडून ठिपके गोळा करायला दोन दोन दिवस घ्यायचं, आणि त्यातही मध्येच रुसायचं. हे तासाभरात हजारो ठिपके पदरात टाकतं. आणि एकदा ठिपके मिळाले, की त्यांच्या जागेवरून आणि तेजावरून आत कुठला अणू कुठे बसलाय हे शोधण्यात तुझ्या आत्याचा हात धरणारं कोणी नाही. हे तुला सांगायला नकोच.

यंत्र बसवायला एक गृहस्थ आले होते. म्हणाले, "मॅडम, चाचणीसाठी एखादा ओळखीचा स्फटिक द्या. ज्याची रचना पक्की ठाऊक आहे असा." माझ्या ओळखीचा म्हणजे कुठला, तर ज्याने माझं नाव झालं तो. कपाटातून तू वाढवलेल्या स्फटिकांची कुपी काढली. नऊ वर्षं झाली तरी तुझ्या अक्षरातली चिठ्ठी शाबूत होती. तेलात बुडालेले पिवळसर खडे, साखरेच्या दाण्याहून लहान. त्यातला एक बारीक फासात उचलून यंत्रावर बसवला. तुला पहिल्या झटक्यात जमायचं, मला तिसऱ्यांदा जमलं.

अर्ध्या तासाने ते म्हणाले, "मॅडम, हा एक स्फटिक नाहीये. दोन आहेत, एकमेकांना चिकटून वाढलेले."

"तुम्ही यंत्र नीट बसवा," मी म्हटलं.

"बसवलंय. म्हणून तर दिसतंय."

उठून पाहिलं. पडद्यावर जवळजवळ प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी दुसरा ठिपका. कुपीतले आणखी चार खडे लावले, चारही तसेच. दोघांचे ठिपके एकाचेच समजून मी रचना मांडली होती, म्हणजे ती चुकली. रेणूचा जो वाकलेला हात मी जगाला दाखवला, तो तसा वाकलेलाच नाही. आणि नऊ वर्षं लोक त्याच्यावर भरवसा ठेवून पुढची कामं करताहेत.

जुन्या यंत्राला इतके जवळचे ठिपके वेगळे दिसत नव्हते, हे खरं आहे. लॅबमध्ये मी तेच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "तेव्हा कोणाला कळणार होतं!" म्हणाले.

तुला कळलं होतं.

तुझी त्या वर्षीची वही काढली. पान बावन्न. तू लिहिलंयस की मायक्रोस्कोपखाली, ध्रुवित प्रकाशात फिरवला की एकसंध स्फटिक सगळा एकदम काळा पडायला हवा. हा अर्धाच काळा पडतोय, अर्धा उजळ राहतोय. शेजारी चित्र. खाली, "दोन असावेत. नवीन वाढवू का? तीन आठवडे लागतील." आणि त्याच्याखाली माझा लाल शाईतला शेरा: "नाचता येईना, अंगण वाकडं!"

तीन आठवडे माझ्याकडे नव्हते ना. दुसरी एक लॅब त्याच पदार्थाच्या मागे होती, आणि मला पहिलं यायचं होतं. त्यात तू रोज येऊन "आत्या, एकदा बघ ना" म्हणायचीस. मग मी दादाला फोन केला. म्हटलं, पोरीला संशोधन झेपायचं नाही, नजर कच्ची आहे, तिला शाळेतच शिकवू दे. दादाने हुशार बहिणीचा शब्द खाली पडू दिला नाही. तूही एका शब्दाने उलटून बोलली नाहीस, कुपीवर चिठ्ठी चिकटवून निघून गेलीस.

दुपारी साडेतीन

जेवून आले आणि वरचं पुन्हा वाचलं. सगळं खरं लिहिलंय, तरी पत्र लबाड झालंय. वाचणाऱ्याला वाटेल, बाई उतावळी होती, तापट होती, पोरीचं ऐकलं नाही, बस. इथेच घोडं पेंड खातंय.

भिंगरे, मी पाहिलं होतं. त्याच दिवशी, तू जेवायला गेलीस तेव्हा. तुझ्या स्टुलावर बसले, डोळा लावला, खडा फिरवला. अर्धा काळा, अर्धा उजळ. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. शेरा मी त्यानंतर लिहिला. आणि पुढे जे ठिपके माझ्या रचनेत बसेनात, ते कचरा म्हणून गाळून टाकले.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली, आणि तीही यंत्राने बोट दाखवल्यावर.

काल पेपर मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. त्यात हे सगळं आहे: विद्यार्थिनीने लेखी सांगितलं होतं, मीही पाहिलं होतं, तरी दडपलं. परक्यांना हे लिहिता आलं, सकाळी तुला नाही. साहेब म्हणाले, "अहो, निवृत्तीला तीन महिने राहिले. यंत्रावर ढकला ना!" मी म्हटलं, यंत्राने कोणाला घरी पाठवलं नव्हतं. निवृत्तीचा सत्कार रद्द झाला, बरंच झालं, मला भाषणं ऐकवत नाहीत. रात्री दादालाही फोन केला. तो म्हणाला, "मला काय सांगतेस? तिला सांग."

तर सांगितलं.

आता कामाचं. मे महिन्यात तुला सुट्टी असेल. यंत्राचे पाच दिवस तुझ्या नावावर टाकलेत. दोन्ही स्फटिकांचे ठिपके वेगळे करून खरी रचना काढायची आहे. मला ती एका दुपारीत काढता येईल, उगाच विनय कशाला? पण मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. ती तुझी आहे. नाही आलीस तर ते पाच दिवस यंत्र झाकून ठेवीन, दुसऱ्या कोणाला देणार नाही.

माफ कर म्हणत नाही. म्हटलं तर तू लगेच "असू दे आत्या" म्हणशील, आणि मी पुन्हा स्वस्तात सुटेन.

सोबत पान बावन्न जोडलंय. माझा शेरा त्याच लाल शाईने खोडलाय, आणि बाजूला सही करून कालची तारीख घातली आहे.

जिला त्याच दुपारी दिसलं होतं ती,
तुझी आत्या