न निघणारा ब्राउझर

२ ऑगस्ट ९९, पाटोदा
क्लासला फोन लागून आठवडा झाला नाही तोच कटकट. सुवर्णा टायपिंगला आली नाही. दुपारी तिचे वडील मन्मथआप्पा किराणा दुकान सोडून स्वतः आले. "बाई, तुमच्या मिशनीत इंटरनेट हाय म्हणं. काय काय दिसतंय त्यात, लोक सांगतेत. ते हाय तवर पोरगी येणार न्हाई." परीक्षा महिन्यावर. तिच्या वेगाची दुसरी मुलगी वर्गात नाही. म्हटलं, काढून टाकते. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "काढलं म्हणून तुमी नुसतं सांगा, दुसऱ्या दिशी धाडतो. मी बघाया येणार न्हाई."
चांगलं सुनावायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

४ ऑ.
बीडहून सलीम आला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. हसला. "बाई, ब्राउझर वेगळा न्हाई, विंडोजच्या आतच बसवून दिलाय. तो कसा निघंल?"
"काढ."
पडद्यावरचा ब्राउझरचा निळा ई गेला. मेनूतला गेला. फाइलही उडवली. मशीन चालू राहिलं. आप्पांना निरोप: काढलं.

५ ऑ.
सुवर्णा हजर. मान वर न करता तासभर टाइप केलं. जाताना म्हणाली, "आप्पा म्हणत होते, बाईंनी सांगितलं म्हंजी झालं."

९ ऑ.
शब्द दिलाय तर तपासावं म्हणून बसले. साधं फोल्डर उघडलं. वरच्या पट्टीत मासिकात छापलेला एक पत्ता टाइप केला. फोनला जोडलेलं मोडेम किरकिरलं, नंबर लागला, आणि त्याच फोल्डरच्या खिडकीत पान उघडलं! निळा ई नाही, बाकी सगळं जागच्या जागी.
सुवर्णा मागे उभी. "मला ठाव होतं, बाई. आप्पाला सांगू नका ना."
"गप्प बस."
सलीमला फोन. "म्हणलं न्हवतं का? पुरं काढायचं तर विंडोजच काढा." मोडेम काढता येईल. पण मुलींना पुढे नोकरीत हेच लागणार. शिवाय मी सांगितलं होतं ते काढलं म्हणून, फोनची तार तोडली म्हणून नव्हे. तार तोडून शब्द खरा होत नाही.

१० ऑ.
दुकानात गेले. गिऱ्हाइकासमोरच सांगितलं. आप्पांचा तराजू हातातच राहिला.
"म्हंजी निघतच न्हाई?"
"नाही."
"मंग काढलं कावून म्हणलात?"
"मला निघालं असंच वाटलं."
गिऱ्हाइकाची साखर पुडीत बांधून दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. सुवर्णा आतल्या दारात. मी परत आले.

११ ऑ.
आठच्या बॅचला तिची खुर्ची रिकामी. हजेरी घेऊन टाकली. थोड्या वेळाने दोघं आले. आप्पा तिच्या मागच्या बाकावर बसले.
"पोरगी शिकंल. परीक्षा होईस्तवर मी हितंच बसतो."
"आणि दुकान?"
"बंद हाय."
आज बाजाराचा दिवस. खेड्यांतली गिऱ्हाइकं खिडकीतून आप्पांना पाहून रस्त्यावरून ओरडत होती, "ओ आप्पा, उघडता का जाऊ दुसरीकडं?" आप्पा हलले नाहीत. बघत होते पडद्याकडे की तिच्याकडे, कळेना.
सुवर्णाच्या आज फार चुका झाल्या. ओरडले नाही.