भरीव टायर

टेंभुर्णीजवळ,
नोव्हेंबर १९९२

प्रिय मच्छिंद्र,

तुझं पत्र पोचलं. तुझी गाडी तिकडच्या साहेबांना पसंत पडली, आता तशाच दहा करायच्या, त्यांना आपल्या साळूचं नाव द्यायचं आणि पुन्हा पंक्चरपायी कुणाचा जीव जाऊ नये म्हणून भरीव टायर बसवायचे, हे ऐकून आई पदरानं डोळे पुसत राहिली. पण त्यातल्या एकीलाही हात लावायच्या आधी हे पत्र पुरतं वाच.

गाडी चालते चांगली, त्यात खोट नाही. सायकलमागे जोडली की शेजारचा संपत तीत मोसंबीची पोती घालून बाजाराला नेतो. डिझेल नको की वैरण नको. फक्त ज्यांच्यासाठी तू ती केलीस, त्या अडलेल्या बायकांना दवाखान्यात न्यायला कुणी तीत घालत नाही.

तू ती घेऊन आलास तेव्हा सगळे पुरुष पारावर जमले होते. छप्पर काढलं, सोबतिणीची बैठक काढली, म्हणून ओढायला हलकी झाली, असं तू समजावून सांगितलंस. सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली. मी आणि साळू ओट्यावरून बघत होतो. दादानं बाजेला चाकं लावली, म्हणून ती केवढी हसली! अरे, पारावर बाई येत नाही, हे तुला ठाऊक नाही? तू काय पुण्यात जन्मलास? आपल्याकडे अडलेली बाई बैलगाडीतून जाते ती चहूबाजूंनी गोधड्या बांधून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. मला तुझा फार राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

साळू पहिल्या बाळंतपणाला आली आणि अडली, तेव्हा पेरणी चालू होती, बैल शिवारात होते. बाबा म्हणाले, मच्छिंद्राची गाडी आहे ना. साळूनं गाडीकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. "ताई, पारापुढून मला अशी उताणी नको नेऊ. समदे पाहून राह्यले. आईला बी संगं बसाया जागा न्हाई." आई ओरडली, मी विनवण्या केल्या. ती चालतच निघाली. ओढ्यापाशी बसली ती उठलीच नाही. मग तुझ्याच गाडीत घातली. दवाखान्यात पोचलो तेव्हा पोटातल्या बाळासकट सगळं संपलं होतं.

दहाव्याला तू आलास तेव्हा बाबांनी तुला पंक्चर झाल्याचं सांगितलं, आणि तुझं मन मोडू नये म्हणून साऱ्या गावानं माना हलवल्या. गाडी पंक्चर नव्हती, मच्छिंद्र. हवा भरून दारात उभी होती. मला आता सातवा लागलाय. दोन-तीन महिन्यांत मलाही त्याच वाटेनं दवाखान्यात जावं लागेल. तू ये. पारावर जाऊ नकोस, चुलीपाशी बायकांत बस आणि त्यांना विचार. टायर कसलेही बसव, पण वर छप्पर कर आणि आईला जागा कर. ते जमणार नसेल, तर त्या गाड्यांना माझ्या बहिणीचं नाव देऊ नकोस.

तुझीच,
गोजरताई