मशीनच्या मागची ऊब

३ एप्रिल, सोमवार
नवी नोकरी, नवं गाव, दोन खोल्यांचं घर, आणि स्वयंपाकघराला चक्क दोन खिडक्या! बायको खूश आहे. सहा वर्षांची चिऊ सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत नुसती पळतेय.

काम म्हणजे माझ्या हातचा मळ. कंपनीची खाऊची मशीनं ठिकठिकाणी उभी आहेत, आत बिस्किटं आणि वेफर्स. आता त्यात दूध आणि सँडविचही ठेवायचंय, म्हणून प्रत्येकाच्या बुडाला कूलिंग युनिट बसवायचं. इथे आजवर हे कुणाला जमलं नाही म्हणे. सहकारी पाहिले आणि कारण कळलं. एकाला पाना धरता येत नाही, दुसऱ्याला आडवं झाल्याशिवाय विचार सुचत नाही. तिसरा म्हातारा मेकॅनिक, सगळे त्याला अप्पा म्हणतात. तो ऐन उन्हाळ्यात लोकरीचे हातमोजे घालून चहा पितो. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे तर गायही नाही.

५ एप्रिल, बुधवार
दोन दिवसांत सहा मशीनं उरकली. युनिट सुरू केलं की मी मागच्या जाळीवर तळहात ठेवतो. आतली उष्णता मागून गरम हवा होऊन बाहेर आली पाहिजे. थंडी काही कुणी बनवत नाही, ऊब इथून उचलायची आणि तिथे टाकायची, बस्स. इथल्या अकलेच्या कांद्यांना हे दोनदा समजावलं. त्यांनी माना डोलावल्या. नंदीबैलही डोलावतो.

उद्या सात नंबर, गोदामाच्या जेवणघरातलं. त्यात नुसती बिस्किटंच राहू देत, असं अप्पा म्हणाला. का, ते सांगेना. स्वतःला जमलं नाही की माणसं असंच गूढ बोलतात.

६ एप्रिल, गुरुवार
सात नंबर बसवलं. आत पंधरा मिनिटांत चार अंश, बाटल्यांवर दव. मागे हात ठेवला तर जाळीही गार! गॅस, पंखा, कॉम्प्रेसर, सगळं तीनदा तपासलं, सगळं चोख. मग उष्णता जाते कुठे? जाईना का कुठेही. दूध गार आहे आणि साहेब खूश आहेत.

संध्याकाळी अप्पाने मोजे काढून बोटं दाखवली. पांढरीफटक, नखं निळी. नऊ वर्षांपूर्वी त्यानेही या मशीनला युनिट बसवलं होतं. ते बसवणाऱ्याच्या अंगातली ऊब ओढतं, ती पुरली नाही की त्याच्या घरच्यांची, आणि ज्याने बसवलं त्यानेच काढलं तरच सुटका होते, असं त्याचं म्हणणं. त्याने काढायला चार दिवस उशीर केला आणि तेवढ्यात त्याची बायको गेली. मी म्हटलं, अप्पा, गोष्ट छान रचलीत. तो एवढंच म्हणाला, “हसून घे बाबा. पण आजच काढ.” म्हातारचळ, दुसरं काय!

१० एप्रिल, सोमवार
हात गार पडलेत. जेवायला वाढताना माझी बोटं लागली तर बायको दचकते. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. हा आणखी एक पदवीधर मूर्ख. अप्पा रोज दाराशी उभा राहून माझ्या हातांकडे बघतो आणि निघून जातो. आता युनिट काढलं तर उद्या अख्खं ऑफिस मला हसेल. या लोकांनी मला हसायचं? त्यापेक्षा गारठून मरेन.

१२ एप्रिल, बुधवार
चिऊने शाळेतून आल्या आल्या स्वेटर मागितला. बाहेर ऊन मी म्हणतंय. तिचे पाय हातात घेतले — त्यापेक्षा लादी ऊबदार. सर्दी असेल. मुलांना होतेच सर्दी. बायकोला काही सांगितलेलं नाही.

मी भीत नाही. खोटं कशाला लिहू — भ्यालोय.

१३ एप्रिल, सकाळ
चिऊ उठत नाही. श्वास आहे, ओठ निळे — तीन पांघरुणं घातली, डॉक्टर यायचाय — मी निघतो. अप्पाचे पाय धरावे लागले तरी धरीन. शहाणा मी! दीडशहाणा!

दुपार, जेवणघर
प्लग काढला. तरी चालूच आहे. चार स्क्रू काढले की युनिट सुटेल. बोटं वळत नाहीत — स्क्रूड्रायव्हर तीनदा पडला. अप्पाने लावून पाहिला, त्याच्याने स्क्रू हलतही नाहीत. माझाच हात हवा.

मागे हात टेकला तर — गरम. आज पहिल्यांदाच गरम हवा येतेय. झोपलेल्या मुलाच्या अंगाला असते तेवढीच. कुणाची ते मला माहीत आहे.

बोटं सुटू लागली. चालतात का बघायला हे लिहितोय. चालतात. अप्पा ओरडतोय, हात काढ, हात काढ म्हणून — काढतो. करंगळी अजून वळत नाही — आणि इतकं बरं वाटतंय — घरून फोन वाजतोय — एकच मिनिट, चिऊ, एवढी करंगळी सुटू दे, मग लगेच