दुसरी सही

मॉन्ट्रियल, ४ ऑक्टोबर २००९

ती. देवदत्तदादास, शि. सा. न. वि. वि.

‘नॉर्थमूर एअरवेज : १९६९ ते १९९१’ लिहून पुरं झालं! तू उत्तर इंग्लंडमध्ये नोकरी केलीस ती चार विमानांची कंपनी बुडाली, पण तिची एकही तारीख मी बुडू दिलेली नाही. प्रत्येक चार ठिकाणी पडताळली. तेही कॉलेजची पायरी न चढता, पार्ट्सच्या गोदामातली ड्यूटी सांभाळून. घरी उल्का म्हणते, मेलेल्या कंपनीचं एवढं श्राद्ध कुणी घालत नाही.

सातवं प्रकरण सोबत आहे. १९८६चं ते उड्डाण. शेपटीकडची केबल उलटी जोडलेली, विमान कसंबसं परत उतरलं, अठरा माणसं वाचली. तू सांगितलंस तसंच लिहिलंय : मेकॅनिक टॉम हेस्लपचा निष्काळजीपणा, त्याची नोकरी गेली. एकच अडतंय. केबलच्या कामाला दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसरी कुणाची?

शुभदावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तराची तेवढी घाई कर.

चारुदत्त


हॅलिफॅक्स, १३ ऑक्टोबर

चि. चारूस, अनेक आशीर्वाद.

शुभदाचा गुडघा बरा आहे. काल फेरीबोटीनं पलीकडे जाऊन ग्रोसरी करून आली.

ते प्रकरण गाळ. दुसरी सही माझी आहे. मी चहा पीत होतो. टॉम कागद घेऊन आला, म्हणाला, झालंय रे देव. मी कप खाली न ठेवता सही केली. चौकशीत त्यानं सांगितलं की देवला मीच घाई केली. त्याला काढलं, मला नुसती ताकीद. मी गप्प राहिलो, आणि तुलाही अर्धंच सांगितलं.

टॉम आता नाही. पण आमचा नील इथल्या विमानतळावर मेकॅनिक आहे, बापाचं नाव अभिमानानं सांगतो. त्याच्या हाती हे पुस्तक पडेल. म्हाताऱ्या भावावर एवढी दया कर.

तुझा दादा


मॉन्ट्रियल, २० ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो, मग स्वतःवर. तारखा चार ठिकाणी पडताळणारा मी, टॉमला दोषी ठरवताना फक्त तुझ्या शब्दावर गेलो. मीही कप खाली ठेवला नाही.

प्रकरण गाळणार नाही. टॉमच्या मुलीनं पुस्तकाची प्रत मागितली आहे. बाप एकटाच चुकला, असंच तिला आजवर वाटत आलंय. नवं पान पाठवतोय. त्यात लिहिलंय : ‘तपासनीस देवदत्त यांनी केबल न पाहता घाईत सही केली.’ नीलला छापील पान दिसण्याआधी तू स्वतः सांग.

पानाखाली दोन रेघा आखल्यात. लिहिणारा म्हणून पहिली सही माझी. दुसरीची वाट पाहतो. या वेळी वाचून कर. रागावलास तरी धाकट्याला तोडू नकोस.

चारू


हॅलिफॅक्स, २ नोव्हेंबर

चि. चारूस आशीर्वाद.

पान नीलसमोर वाचलं. तो मध्येच उठून गेला. आठवडा झाला, फोन नाही. शुभदा रोज त्याच्यासाठी पोळ्या जास्तीच्या लाटते.

‘घाईत’ हा शब्द तू मायेनं घातलास. टॉमनंही तेच केलं होतं. घाई नव्हती रे. आळस होता. तो शब्द खोडून हा लिहिला, आणि मग सही केली.

दादा