पुढची खोली, खाऱ्या पाण्याच्या टाकीसह

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने शिंपी, हल्ली नुसताच म्हातारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बाकी शरीराबद्दल ते काही बोलले नाहीत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती चिडून लिहिली होती. आता चिडायचंही त्राण नाही.

१. वरचा मजला व बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला.

२. शिवणयंत्र आणि मोठी कात्री धाकट्या भावाला. त्या कात्रीने तो पुठ्ठे कापणार, हे मी जाणून आहे. निदान बघायला मी नसेन.

३. पुढच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यातले प्रवाळ व मासे, आणि स्वतंत्र दारासह ती खोलीही, मी माझ्या सुनेला कायमची देत आहे. टाकी हलवली तर प्रवाळ जगणार नाहीत, म्हणून खोलीसकट. सून माझ्या नातीला घेऊन मुलापासून वेगळी राहते. मुलगा विचारेल, आता तिचा या घराशी संबंध काय? म्हणून सांगून ठेवतो.

मी इस्पितळात होतो तेव्हा टाकी मुलाच्या हवाली होती. त्याने एसीसाठी खिडक्या बंद करून घेतल्या. कोंडलेल्या हवेतला कर्बवायू पाण्यात मुरला आणि पाण्याचा पीएच उतरला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं. सून तेव्हा इथेच नांदत होती. ती त्याला म्हणाली, "आधी खिडकी उघड, मग डबा." त्याने डबाच उघडला. आकडा वर यावा म्हणून रोज त्यातली क्षाराची पूड ओतत राहिला. पीएच जेमतेम हलला, क्षारता मात्र भलतीच चढली. क्षारता ही प्रवाळांची शिदोरी. तिच्यातून ते आपला सांगाडा बांधतात. पण ती एकदम वाढली की त्यांचे शेंडे जळतात. मी घरी आलो तेव्हा निम्मे प्रवाळ पांढरे पडले होते आणि मुलगा मला कौतुकाने आकडा दाखवत होता. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. संसारातही त्याने तेच केलं. बायको गप्प दिसली की एखादी नवी वस्तू आणायची. तिचा जीव कशाने गुदमरतो, हे विचारायचं नाही.

उरलेले प्रवाळ सुनेने जगवले. वेगळी झाल्यावरही ती दर रविवारी येते, आधी क्षारता तपासते, मग माझा रक्तदाब. हा क्रम मला मान्य आहे.

४. मुलाने खोलीवर हक्क सांगितल्यास वरचा मजलाही सुनेचा. वकील म्हणाले, हे फार कडक होतंय. राहू द्या म्हटलं.

५. हे कलम फक्त सुनेसाठी. माणसांच्या श्वासानेही पीएच उतरतो, पोरी. तुझ्या सासूबाई गेल्या, मग तुम्ही दोघी गेलात, तसा तो चढत गेला. पुस्तकाच्या हिशेबाने पाणी आता उत्तम आहे. मला ते बघवत नाही. तू आणि नात इथे राहायला आलात की आकडा जरा खाली येईल. येऊ दे. काही टाकू नकोस.

(सही) शिंपी

वरील मजकूर शिंप्याने आमच्यादेखत मोठ्याने वाचला, मध्ये दोनदा चष्मा पुसला, आणि स्वतःच्या हाताने सही केली.

साक्षीदार:
(सही) डॉक्टर
(सही) शेजारचे घड्याळजी

ठिकाण: पुढची खोली
दिनांक: ७ मार्च