शपथेवर बायकोचं कौतुक

१२ जानेवारी

हरलो. खालच्या कोर्टाने पोटगी मंजूर केली, तीही बायकोने मागितली होती तेवढीच. घटस्फोटावर वाद नव्हता, तो दोघांनीही गपगुमान मान्य केला. भांडण एवढ्यावरच होतं, की यापुढे तिच्या पोटापाण्याचं कोणी बघायचं. मी छाती पुढे काढून शपथेवर सांगितलं होतं – ड्रायव्हिंग स्कूल माझं, घाम माझा, ती नुसती घरी बसून होती. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, घरी बसून होती म्हणजे कमाई नाही, कमाई नाही म्हणजे पोटगी द्या. माझंच वाक्य माझ्या गळ्यात घातलं!

वकिलाला म्हटलं, अपील करायचं. तो इतका खूश झाला की मलाच शंका आली.

१४ जानेवारी

ताईला फोन. "तुला पैसे वाचवायचेत, की तिला हरवायचंय?" म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती बराच वेळ हसत होती. थोरल्या बहिणीशी तत्त्वावर बोलू नये.

२ फेब्रुवारी

वकिलाने समजावलं. वरचं कोर्ट सगळी केस पहिल्यापासून ऐकत बसत नाही. खालच्या कोर्टाचं कुठे चुकलं, तेवढं बघतं. मग आपण काय चुकलं म्हणायचं?

"तिच्यात कमावायची कुवत आहे, हे त्यांनी बघितलंच नाही, असं म्हणायचं."

"पण तिला काही येत नाही असं मीच सांगितलंय ना?"

"ते खाली. आता आपण वर आलोय."

जिना चढला की माणूस बदलतो म्हणायचा. वरच्या कोर्टाच्या परवानगीने नवं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलंय. मला घरचा अभ्यास दिलाय: तिला काय काय येतं ते सगळं लिहून आणा, हातचं राखू नका.

५ फेब्रुवारी

बसलो लिहायला. "गाडी उत्तम चालवते." मग "स्वभावाने शांत." मग पेन चावत बसलो. एवढा संसार केला आणि बायको दोन ओळींत संपली. बाजूच्या दुकानदाराबद्दल यापेक्षा जास्त लिहिता येईल मला.

६ फेब्रुवारी

आज भर चौकात नाचक्की. एक शिकाऊ बाई, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांनी सिग्नलला गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले. मी ओरडलो – क्लच, क्लच म्हणतोय मी! बाईंनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि रडत चालायला लागल्या. मी समजूत काढायला त्यांच्या मागे धावलो. म्हणजे चौकात गाडी, आणि गाडीत कोणीच नाही! पोलिसाने विचारलं, "शिकवणारे तुम्ही का?" नाही म्हणावंसं वाटलं.

घाबरट शिकाऊ नेहमी ती स्वतःकडे घ्यायची. गाडी बंद पडली की ओरडायची नाही. खिडकी खाली करायची, मागच्यांना हाताने 'जा' म्हणायची आणि शिकाऊला सांगायची, "घाई त्यांना आहे, आपल्याला नाही." की गाडी सुरू!

घरी आल्याबरोबर हे लिहून काढलं. आणि मग हात थांबेना. क्लच प्लेट जळायला लागली की तिला माझ्याआधी वास यायचा. लागोपाठ दोन घाबरट एका गाडीवर येणार नाहीत, अशा वेळा ती लावून द्यायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवायचीच नाही, नुसती गप्पा मारत फिरवून आणायची. पेट्रोलची नासाडी म्हणून मी बोंब मारायचो. तिचे शिकाऊ पास व्हायचे आणि पेढीवर – म्हणजे आमच्या त्या खोपटाएवढ्या ऑफिसात – येऊन माझा हात हातात घेऊन आभार मानायचे. पाटीवर नाव माझं होतं ना. मी आभार घ्यायचो.

पानं भरली. सुटे कागद संपले म्हणून गाडीतल्या जुन्या नकाशाच्या मागच्या बाजूला लिहिलं.

१० फेब्रुवारी

वकील वाचून हरखला. "हे आधी का नाही सांगितलंत?" कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. शपथ घेऊन सही ठोकली.

४ मार्च

अपिलाची तारीख. नवा शर्ट घातला. शर्ट बघून पोटगी कमी करत नाहीत हे माहीत होतं, तरी इस्त्री दोनदा केली.

ती बाहेरच्या बाकावर बसून माझं प्रतिज्ञापत्र वाचत होती. शेवटचं पान झालं, आणि तिने परत पहिलं काढलं. मी खांबाआड. चाळिशी ओलांडलेला धंदेवाला माणूस, खांबाआड!

काम चाललंच नाही, पुढची तारीख पडली. जाताना समोर आली. "बरे आहात?" म्हटलं, "एकदम." गाडी चालू केल्यावर सुचलं, की तिलाही विचारायला हवं होतं.

२१ एप्रिल

पुन्हा पुढे ढकललं. वकील ओशाळला, मी म्हटलं असू द्या. खरं तर मला बरंच वाटलं. तिने केस कापलेत. चांगले दिसतात.

९ जून

सुनावणी! दोन न्यायाधीश, त्यातल्या बाईंनी माझी दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारीशेजारी ठेवली.

"खाली शपथेवर म्हणालात, ती घरी बसून होती. इथे शपथेवर म्हणता, स्कूल तिच्यामुळे चाललं. यातली कुठली शपथ धरायची आम्ही?"

वकिलाची भंबेरी उडाली. परिस्थिती, संदर्भ, दृष्टिकोन असं काहीबाही पुटपुटायला लागला. मला ते ऐकवेना. मीच उठलो आणि म्हणालो, "दुसरी."

वकिलाने माझी बाही ओढली. बाई म्हणाल्या, "मग खाली खोटं सांगितलंत?"

"नाही बाईसाहेब. तेव्हा मला तसंच वाटत होतं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. ती हसली नाही. मान खाली घालून बसली होती. तिचं तोंड मला दिसलं नाही.

१६ जून

अपील फेटाळलं. कुवत असणं वेगळं आणि कमाई हातात असणं वेगळं, असं म्हणाले. कुवतीने उभं केलेलं सगळं नवऱ्याकडे राहिलं, बायको रिकाम्या हाताने बाहेर पडली – आणि हे नवराच सांगतोय. सबब खालचा हुकूम कायम, वर अपिलाचा खर्च माझ्या डोक्यावर. आपल्याच पायावर धोंडा मारायला मी वकील लावला होता!

ताईने फोनवर एवढंच विचारलं, "तत्त्व कसं आहे आता?" म्हटलं, विश्रांती घेतंय.

२८ जुलै

वकिलाने बातमी दिली. तिला स्वतःचं स्कूल काढायचं होतं, पण परवान्यासाठी अनुभवाचा पुरावा लागतो. तो कुठून आणणार? पगार नाही, दाखला नाही, कुठल्या कागदावर नाव नाही. शेवटी तिने कोर्टातून माझ्या प्रतिज्ञापत्राची नक्कल काढून अर्जाला जोडली. स्कूलच्या मालकाने शपथेवर केलेलं कौतुक, अधिकारी नाही कसा म्हणणार? परवाना मिळाला.

तळपायाची आग मस्तकात जाईल म्हणून मी वाट बघत बसलो. गेली नाही. उलट दुपारी एका शिकाऊला मीच सांगितलं, घाबरत असशील तर त्या नव्या स्कूलला जा, बाई फार छान शिकवतात. तो गेलाही!

१७ ऑगस्ट

पोटगी बँकेतून आपोआप वळती करता येते. वकिलाने केव्हाच सांगितलं होतं. तरी मी दर महिन्याला रांगेत उभा राहून स्वतः भरतो. चिठ्ठीवर माझं नाव लिहायचं आणि खाली तिचं. हल्ली दोघांची नावं एकत्र येतात ती तेवढ्याच जागी.

लिहूनच टाकतो. मला ती परत हवी आहे. या महिनाअखेरची पोटगी बँकेत भरायची नाही. हातात द्यायला जायचं, आणि "बरी आहेस?" असं आधी विचारायचं. शर्ट काढून ठेवलाय.

३० ऑगस्ट

सकाळी वकिलाचा फोन. तिनेच कोर्टात अर्ज दिला होता – स्वतःचं स्कूल चालायला लागलंय, आता पोटगी नको. काल मंजूर झाला.

"अभिनंदन. आता तुमचा त्यांच्याशी काहीच संबंध उरला नाही."

मी विचारलं, "या हुकुमावर अपील करता येतं का?"