टवळीला खोगीर

३ नोव्हेंबर
पैज लागली! जेवताना सासरेबुवांनी विचारलं, "टवळीवर खोगीर कधी चढणार?" मी म्हटलं, "आधी तिची माझी ओळख तर होऊ दे."
"घोडीशी ओळख? सोयरीक जुळवायची आहे का?"
ठरलं ते असं — महिनाअखेर मी टवळीवर बसून रिंगणाला एक शांत फेरी मारायची. नाही जमलं तर मग सासरेबुवांची पद्धत. पाय बांधायचे, कान पिरगाळायचा, वर बसायचं आणि ती दमून गप्प होईपर्यंत उतरायचं नाही. टवळीच्या आईला त्यांनी असंच तयार केलं. चौदा वर्षं तिनं सगळ्यांना पाठीवर नेलं, पण सासरेबुवा तबेल्यात शिरले की भिंतीकडे तोंड करायची. मरेपर्यंत.
नवरा म्हणाला, "तुम्हा दोघांच्या मध्ये मी पडत नाही." आणि आणखी भात वाढून घेतला.

५ नोव्हेंबर
रिंगणात तासभर तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. बोलवायचं नाही, बघायचंही नाही, ती आपणहून यायला हवी. आली! हळूच माझी टोपी उचलली आणि पळाली. टोपीचा अजून पत्ता नाही.
व्हरांड्यातून आवाज — "सूनबाई, कोण कोणाला शिकवतंय?"

९ नोव्हेंबर
खरारा केला. मान, पोट, चारही पाय — सगळीकडे हात लावू दिला. मग माझ्या पायावर पाय देऊन निवांत उभी राहिली. अंगठा निळा!

१३ नोव्हेंबर
आजवर सगळं डाव्या बाजूनं केलं. उजवी बाजू घोड्याला नवी असते, तिथे बिचकतात, म्हणून आज जीव मुठीत धरून गेले. बाईसाहेबांनी डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. माझ्या हाताला गुण आहे, दुसरं काय!

१४ नोव्हेंबर
गाजर ठेवते डाव्या खिशात, ही हुंगते उजवा. हुशारीचं कौतुक काल जरा जास्तच झालं.

१७ नोव्हेंबर
पाठीवर वजनाची सवय हवी. कोठीत कोंड्याची पोती होती, त्यातलंच एक ठेवलं. अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. चार दिवस हेच करायचं.

२१ नोव्हेंबर
आज पोत्याऐवजी मी. पोटावर आडवी पडले, पाय अधांतरी. टवळीनं मान वळवली, माझ्या सदऱ्याचं टोक दातात धरलं आणि ओढायला लागली. एक बटण गेलं, दुसरं गेलं — आणि मग डोक्यात प्रकाश पडला. रोज पोतं उतरलं की त्यातलाच मूठभर कोंडा मी तिला भरवत होते! वर काही ठेवलं की त्यात खाऊ असतो, हे मीच शिकवलं.
सासरेबुवांना चहाचा ठसका लागला. नवऱ्याला पाठ चोळावी लागली. बरं झालं!
आता पोत्यात वाळू. आणि भरवणं बंद.

२५ नोव्हेंबर
खोगीर! पट्टा आवळला तरी उडी नाही, फुरफुर नाही. जन्मभर घालत आल्यासारखी. मी घरभर मिरवले. सासरेबुवा नुसतं "हं" म्हणाले आणि झोपायला गेले. गुडघ्यासाठी हल्ली पहाटे फिरायला जातात, त्यामुळे जेवण झालं की डोळे मिटतात.

२९ नोव्हेंबर
उद्या. जेवण गेलं नाही. मी पडेन याची भीती नाही, पडायची मला सवय आहे. पण ती माझ्याजवळ विश्वासानं येते. तिचा कान कुणी पिरगाळला तर मी तिला काय तोंड दाखवू?

३० नोव्हेंबर
अर्धी फेरी झकास. मग वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा धाडकन आपटला. टवळी ताठ झाली, मागच्या पायांवर उभी राहायला लागली. मी सगळं शिकलेलं विसरले आणि दोन्ही हातांनी तिची आयाळ धरली. तेवढ्यात कुंपणापलीकडून हलकेच — "हो गं राणी, हो."
टवळी थांबली. मान खाली घातली. उरलेली फेरी मी कशी मारली, देव जाणे.
सासरेबुवांनी घसा खाकरला. "जिंकलीस, सूनबाई. नशिबानं." आणि तडक आत गेले. जिंकले! पण असा मऊ आवाज या माणसाकडे आहे, हे सात वर्षांत मला माहीत नव्हतं.

१ डिसेंबर
टोपी शोधायला पहाटेच खाली उतरले. रिंगणात सासरेबुवा, टवळीकडे पाठ करून उभे. डोक्यावर माझी टोपी. टवळी आली, त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि मग त्यांच्या उजव्या खिशात तोंड घातलं. त्यांनी पेपरमिंटची गोळी सोलून दिली. म्हणाले, "तुझ्या आईला मी कधी असं विचारलंच नाही गं."
मी चपला हातात घेऊन परत आले. उद्यापासून मी अर्धा तास उशिरा उठणार.